पुलाजवळचे बेचाळीस जोड

"बीएस्सी, हा बोल्ट तू आवळला का गोंजारला?"

मुकादम दौलत इंगळे रुळाशी उकिडवे बसले होते. त्यांनी माझ्या बोल्टला पाना लावला, मनगटाने एक हिसका दिला आणि नट पाव वेढा फिरला. मागे खडी सारखी करणारी माणसं हसली.

"सकाळपासून चवथा," मुकादम म्हणाले. "रूळ हाये तो. पाळण्यात घातलेलं लेकरू नाई."

"पुन्हा आवळते," मी म्हटलं.

"आवळ. आन तुह्या पुस्तकात काही उपाय असन तर तो बी पाह्य."

फेब्रुवारी संपत आला होता, साल चौऱ्याऐंशी. बोरगव्हाण ते टाकळखेडा ही आमची नॅरोगेज लाइन. दिवसातून दोन गाड्या. त्या लाइनीवरच्या सहा नंबरच्या गँगमध्ये बाबा एकवीस वर्षं होते. काविळीने ते गेले तेव्हा मी अमरावतीला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय पदार्थविज्ञान. परीक्षा दिली आणि निकाल लागायच्या आत बाबांच्या जागी गँगमध्ये रुजू झाले. घरी आई आणि दोन लहान भाऊ. राहायला रेल्वेचं क्वार्टर, तेही नोकरी असेल तोवरच. कायम व्हायला वर्षभराचं काम समाधानकारक असावं लागे आणि समाधान व्हायचं होतं ते मुकादमांचं.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात खडीचं घमेलं दिलं होतं. तेव्हा उकंडकाका मध्ये पडले. उकंडराव वानखडे आमच्या गँगचे चावीवाले. म्हणजे रोज सकाळी पाना आणि हातोडा घेऊन सहा किलोमीटर लाइन पायी बघत जायचं, सैल झालं असेल ते आवळायचं, निसटलं असेल ते ठोकायचं. बाबांचे ते जुने सोबती. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती.

"मुकादम, हे पोरगी मले द्या," ते म्हणाले. "मले वही लिहाले मानूस पाहिजे."

मुकादम त्यांच्याकडे बघतच राहिले. "वही लिहाले?"

"हाव. मले कुठं लिहिता-वाचता येते."

गँगमधल्या कोणाला तरी खोकला आला. मुकादमांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली.

"बरं," ते म्हणाले. "ने."

वही म्हणजे चावीवाल्याची रोजची नोंद. आज कुठे काय पाहिलं, काय केलं, का केलं. दर शनिवारी बोरगव्हाणचे साहेब ती बघून सही करत. मी काकांना विचारलं होतं, "इतके दिवस कोण लिहायचं?"

"ज्याले सवड असे तो."

तेव्हापासून रोज संध्याकाळी ते सांगत आणि मी लिहीत असे. घमेलं माझ्या हाताला पुन्हा लागलं नाही, पण पाना लागला आणि पान्यापुढे माझं काही चालत नव्हतं.

काम असं होतं. आमच्या लाइनीवर रूळ अकरा मीटरचा. दोन रूळ जिथे भेटतात तिथे दोन्ही बाजूंनी एकेक लोखंडी पट्टी लावतात, तिला फिशप्लेट म्हणतात, आणि आरपार चार बोल्ट घालून आवळतात. रुळांच्या टोकांमध्ये थोडी फट ठेवलेली असते. ऊन लागलं की रूळ लांबतो, त्याला जागा हवी. वर्षातून एकदा, थंडीत, हे जोड उघडायचे, पट्ट्या घासायच्या, काळं तेल आणि ग्राफाइट लावायचं आणि पुन्हा बसवायचे. उघडणं, घासणं, तेल लावणं मला छान जमे. आवळणं जमेना. माझं वजन तेव्हा बेचाळीस किलो होतं.

त्याच आठवड्यात काका तीन दिवस सुटीवर निघाले.

"दर्यापूरले चाललो," ते म्हणाले. "पोरीचं बाळंतपन हाये. सत्तावीस नंबरच्या दगडापासून नाल्याच्या पुलापर्यंत जोड राह्यले. तेवढे तेल लावून पक्के करून ठेवजो."

"पक्के करून ठेवते," मी म्हटलं. पक्के म्हणजे काय, हे विचारावं असं वाटलंच नाही.

सत्तावीसचा दगड ते पूल, दोन्ही रूळ मिळून बेचाळीस जोड, एकशे अडुसष्ट बोल्ट. पहिल्या दिवशी सहा जोड केले आणि सहाही मुकादमांनी नापास केले. संध्याकाळी स्टेशनावर पाणी भरताना मोडक्या हापशाचा एक पाइप भिंतीला टेकलेला दिसला. साधारण मीटरभर लांब, पान्याचा दांडा आत बसेल एवढा रुंद. बल गुणिले अंतर. हे मी अकरावीपासून लिहीत आले होते.

दुसऱ्या दिवशी माणसं पलीकडच्या वळणावर असताना मी दांड्यावर पाइप चढवला आणि टोकाला धरून लोंबकळले. नट करकरत फिरला. तेवढ्याने समाधान होईना म्हणून आणखी फिरवला. दोन दिवसांत बेचाळीस जोड झाले. पाइप पुलाखालच्या निर्गुडीत ठेवून दिला.

मुकादम तपासायला आले. पाना लावला, मनगटाने हिसका दिला. मग दोन्ही हातांनी दिला. नट हलला नाही. पुढचा पाहिला, त्याच्या पुढचा पाहिला. त्यांना सैल बोल्ट शोधायची सवय होती. जास्त आवळलेला बोल्ट शोधायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती, कारण हाताने तेवढा कोणाकडून आवळलाच जात नसे.

"काय खाऊन आली आज, बीएस्सी?"

"भाकर आणि ठेचा."

"उद्या आमच्यासाठी बी आनजो."

त्या दुपारी जेवताना त्यांनी आपल्या डब्यातली लोणच्याची फोड माझ्या भाकरीवर ठेवली. अमरावतीला पहिल्या वर्गाचा निकाल हाती आला तेव्हाही मला एवढं बरं वाटलं नव्हतं.

पाडव्यानंतर चौथ्या दिवशी ऊन एकदम चढलं. आम्ही पुलाकडे निघालो होतो, काका पुढे, मी मागे. काकांच्या सदऱ्याच्या खिशात तीन पुरचुंड्या असत, तूर, ज्वारी आणि तीळ. फट मोजायची मापाची पट्टी सगळ्या लाइनीत एकच, ती साहेबांच्या कपाटात. काकांचं माप खिशात. सकाळच्या गारव्यात फटीत तुरीचा दाणा सहज जायला हवा. उन्हाळा लागला की दुपारी ज्वारीही जेमतेम जावी. भर मेमध्ये तीळ. वहीतसुद्धा मी तसंच लिहीत असे, 'दु. १ वा. ज्वारी.' साहेब त्यावर मुकाट सही करत.

सत्तावीसच्या दगडाशी काका वाकले आणि पहिल्या फटीत ज्वारी टाकली. ती टिपूस पडावा तशी आत गेली. त्यांनी तूर काढली. तीही गेली.

"काहो काका?"

ते उठले. पुढच्या जोडाशी गेले. तूर गेली. त्याच्या पुढच्या. तूर गेली. एरवी ते चालताना सारखे बोलत, नवा नातू कसा मूठ वळतो, जावई कसा घोरतो. आता नुसतीच वहाणांची खडीवरची करकर ऐकू येत होती.

"थंडीत इथं तूर जात होती," ते शेवटी म्हणाले. "आज बी तूर जाऊन राहिली. रूळ हाताले सोसत नाई, आन फट जशीच्या तशी."

मी उभ्या उभ्या हिशेब केला. अकरा मीटरचा रूळ, फेब्रुवारीच्या सकाळपेक्षा चाळीस अंशांनी तापलेला. पाच मिलिमीटर लांबायला हवा होता. फट पाच मिलिमीटरने मिटायला हवी होती. मिटली नव्हती. मग पाच मिलिमीटर गेले कुठे?

कुठेच गेले नव्हते. ते रुळातच होते, दाबून ठेवलेले. एका रुळात पाच, दुसऱ्यात पाच, पुलापर्यंत ओळीने. पट्ट्यांनी रुळांची टोकं इतकी घट्ट धरली होती की त्यांना सरकता येत नव्हतं. तो दाब एवढा साठला की रूळ कुठेतरी बाजूला उसळी घेतो.

"काका," मी म्हटलं, "मी पाइप लावला होता."

"कोनता पाइप?"

मी सांगितलं. हापसा, निर्गुडी, सगळं. ते रागावतील म्हणून मी खाली बघत होते. त्यांनी आपल्या हातातला पाना माझ्यापुढे आडवा धरला.

"हा दीडच हात काहून हाये, कधी इचार केला?"

"नाही."

"बनवनाऱ्याले लोखंड कमी पडलं होतं काय? मानूस कितीबी पहिलवान असू दे, दीड हाताच्या पान्यानं जेवढं होते तेवढंच आवळते. तिथं थांबाचं, म्हनून तो दीड हात हाये."

"तुम्ही पक्के कर म्हणाला होता."

ते माझ्याकडे बघत राहिले. डोळ्यांत राग नव्हता, आठवण करत असल्यासारखे दिसत होते. मग त्यांनी हळूच मान हलवली.

"म्हनलो होतो खरं," ते म्हणाले. "पक्कं म्हंजे आवळलेलं नाई, बाई. जत्रेत लेकराचा हात कसा धरतो आपुन? सुटला नाई पाहिजे, आन दुखला बी नाई पाहिजे. पोट्टं इकडं तिकडं थोडं वळवळनच. वळवळू द्याचं. तसं पक्कं. गँगमधी सगळ्याइले ठाऊक हाये, म्हनून मी बी सांगतलं नाई."

माझ्या घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. दोन वाजून पाच मिनिटांनी गाडी पुलावर येणार होती.

"पंचावन्न मिनिटं आहेत," मी म्हटलं. "आपण दोघं मिळून मोकळे करू. जेवढे होतील तेवढे. गाडी थांबवली तर साहेबांपर्यंत जाईल."

"जाईन."

"काका, माझं वर्ष पुरं व्हायला दोनच महिने राहिलेत."

"मले मालूम हाये." ते पुलाअलीकडच्या वळणाच्या आतल्या अंगाला गेले. "इकडं ये. इथं बोट घाल."

रुळाखालच्या आडव्या स्लीपरच्या टोकाशी खडी असते, स्लीपरला चिकटून. तिथे आता बोटभर पोकळी होती. मी बोट घातलं. ते आत गेलं, पेरापर्यंत. स्लीपर आपल्या जागेवरून बाहेरच्या अंगाला ढकलला गेला होता. रूळ हलायला लागला होता.

मी बोट काढलं आणि पिशवीतून लाल झेंडा घेतला.

पळताना वाटेत गँग भेटली. मी धापा टाकत दोन वाक्यांत मुकादमांना सांगितलं. त्यांनी पाइपबद्दल एक शब्द विचारला नाही. माणसांना हातातलं काम टाकायला लावून पुलाकडे पिटाळलं.

"झेंडा तुम्ही घेता का?" मी म्हटलं. "मी परत काकांकडे जाते."

"नाई," मुकादम म्हणाले. "हे गाडी तुहीच हाये. तूच थांबव. मी तिकडं पाहतो."

नियमाच्या अंतरावर मी पिशवीतले, चाकाखाली फुटून ड्रायव्हरला इशारा देणारे फटाके रुळावर बांधले आणि त्यांच्या अलीकडे झेंडा धरून उभी राहिले. लांबून धूर दिसला, मग इंजिन. फटाके फुटले, एक, दोन, तीन. इंजिन कुरकुरत माझ्यापासून शंभर पावलांवर थांबलं. ड्रायव्हर खाली वाकून म्हणाला, "काय झालं, पोरी?"

"पुढे जोड जाम आहेत. रूळ सरकतोय."

"किती वेळ?"

"सांगता येत नाही."

त्याने माझ्याकडे, माझ्या झेंड्याकडे आणि रिकाम्या लाइनीकडे पाहिलं. "बरं केलं," म्हणाला आणि बिडी पेटवली. माणसं उतरून बाभळींच्या सावलीला बसली. एका आजीने मला हाक मारून विचारलं, "गाडी बिघडली का रूळ?"

"रूळ तापलाय, आजी."

"मंग पानी टाका न बाप्पा त्याच्यावर. इथं कायले उभी हाय?"

गार्डने गाडीचा बंदोबस्त आपल्याकडे घेतला आणि मी पुलाकडे पळाले. तिथे सगळे बोल्टांशी झुंजत होते. एका पान्याला दोघं दोघं लटकले तरी नट ढिम्म. काका घाम पुसत म्हणाले, "जा बाई, आन तुहा पाइप."

मी निर्गुडीत उतरले आणि पाइप घेऊन वर आले. सगळ्यांनी पाहिलं.

"हे होय तुही भाकर आन ठेचा," मुकादम म्हणाले.

कोणी हसलं नाही. त्यांनी माझ्या हातातून पाइप घेतला, पान्यावर चढवला आणि पहिला नट उलटा फिरवला. आम्ही मधल्या जोडापासून दोन्हीकडे सरकत गेलो. चौथा की पाचवा जोड सैल झाला आणि रुळातून आवाज आला, 'टक्'. जसं कोणी बोट मोडावं. मी वाकून पाहिलं. डोळ्यांदेखत फट लहान झाली होती. मग पुढच्या जोडाला 'टक्', पलीकडच्या रुळाला 'टक्'. इतके दिवस अडकून बसलेले मिलिमीटर एकेक करून आपापल्या जागी जात होते. काका मागून येत होते. फटीत ज्वारी टाकून बघत, मग दीड हाताच्या पान्याने नट परत बसवत, आधी मधले दोन, मग कडेचे दोन.

"इकडं हात लाव," ते मला म्हणाले आणि पाना माझ्या हातात दिला. माझ्या मुठीवर त्यांनी आपली मूठ ठेवली. "फिरव. फिरव. आता जड झालं न? आता थोडं आनखी. बस. इथं."

माझ्या हाताने तेवढं सहज होत होतं. आजवर जड लागलं की मी तिथेच सोडत होते, हे 'थोडं आनखी' राहून जात होतं. दहा वर्षांच्या पोरीलाही झालं असतं.

गाडी सव्वा तासाने सुटली. पुलापर्यंत ती माणसाच्या चालीने गेली आणि काका इंजिनाशेजारून, रुळावर नजर ठेवून, पायी चालत गेले.

चार वाजता आम्ही बाभळीखाली बसलो. मी वही उघडली.

"लिही," काका म्हणाले. "तारीख टाक. सत्तावीस नंबरचा दगड ते नाल्याचा पूल, बेचाळीस जोड जाम सापडले. गाडी सव्वा तास थांबवली. जोड मोकळे करून पुन्हा पक्के केले." ते थांबले. "कारन..."

मी पेन धरून बसले.

"कारन तू लिही. त्यातलं तुले जास्त समजते."

मी लिहिलं, 'कारण : अति उष्णता.' ते खोटं नव्हतं. त्या दिवशी बेचाळीस अंश होते. साहेब सही करतील, दोन महिने जातील, आई क्वार्टरमध्येच राहील.

"लिहिलं?"

"हो."

त्यांनी वही हातात घेतली, जरा लांब धरून पानाकडे पाहिलं, जसं न वाचणारी माणसं अक्षरांच्या रांगा बघतात, आणि परत माझ्यापुढे ठेवली.

"मी पानी पिऊन येतो फाटकावरून," ते म्हणाले. "वही उघडीच राहू दे. शाई वाळू दे."

बॉलपेन होतं. पाण्याची कॅनही आमच्या डोक्यावर फांदीला लटकत होती, अर्धी भरलेली. मला वाटलं, म्हातारा माणूस, उन्हाने दमलाय. ते सावकाश फाटकाच्या चौकीकडे चालत गेले. दोन्ही हात मागे बांधलेले. एकदाही वळून पाहिलं नाही.

मी त्या दोन शब्दांकडे बघत होते. मग त्यांवर एक रेघ ओढली आणि खाली लिहिलं, 'कारण : फेब्रुवारीत तेल लावताना पान्याला पाइप जोडून बोल्ट प्रमाणाबाहेर आवळले गेले.' वाचून पाहिलं. बोल्ट आपोआप आवळले जात नाहीत. 'गेले' खोडलं. 'मी आवळले' असं केलं आणि खाली पूर्ण नाव घातलं, इंदू शामराव तायडे.

काका आले तेव्हा त्यांच्या मिशा ओल्या होत्या.

"वाळली शाई?"

"वाळली."

त्यांची नजर पानावरून गेली. "मंग मिटव आता," ते म्हणाले आणि डब्यातला गुळाचा खडा मोडून मोठा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला आणि मुकादमांना बोरगव्हाणला बोलावलं. काळसेकरसाहेब कोकणातले, कमी बोलणारे. त्यांनी नोंद वाचली. पुन्हा वाचली.

"आधी 'अति उष्णता' लिहिलं होतंस."

"हो साहेब."

"खोडलंस का? तेही खरं होतं."

"खरं होतं," मी म्हटलं. "पण कारण नव्हतं."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "गेल्या वर्षी पाडव्याला तिथे फटी किती होत्या, ते बघितलं पाहिजे. त्या कपाटात उकंडाच्या जुन्या वह्या आहेत. त्र्याऐंशीची दे."

मी वही काढली, उघडली आणि तशीच उभी राहिले. उभट, टपोरं अक्षर. शिरोरेघा पट्टीने आखाव्यात इतक्या सरळ. 'सत्तावीसचा दगड ते पूल. स. ८ वा. तूर. दु. १ वा. ज्वारी. सर्व जोड पक्के.' पानामागून पान, तेच अक्षर. एक खाडाखोड नाही.

"साहेब, हे कोणी लिहिलंय?"

"कोणी म्हणजे? उकंडाची वही, उकंडाच लिहिणार. जुनी सातवी आहे त्याची. माझ्यापेक्षा अक्षर चांगलं आहे." त्यांनी हात पुढे केला. "तू यायला लागलीस तेव्हा म्हणाला, डोळ्यांना कमी दिसतं, पोरगी लिहील. दे इकडे."

मी मुकादमांकडे पाहिलं. ते छताच्या पंख्याकडे बघत होते. पंखा बंद होता.

साहेबांनी त्या दोन वह्या शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिल्या. "सहा महिने मुदत वाढवतो," ते शेवटी म्हणाले. "ताकीद लेखी मिळेल. पाइप इथे आणून द्यायचा. आणि पुढच्या थंडीत ते बेचाळीस जोड तूच उघडायचे, तूच बसवायचे. इंगळे, चालेल तुम्हाला?"

"चालन, साहेब," मुकादम पंख्याला म्हणाले.

परतताना आम्ही रुळाच्या कडेने चाललो. अर्धं अंतर झाल्यावर मी विचारलं, "मुकादम, तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"काकांना वाचता येतं."

"गँगमधल्या कोनाले मालूम नाई?" ते म्हणाले. "तू याच्या आधीच्या दिवाळीत साऱ्याइची पत्रं त्यानंच लिहिली. तू आली त्या दिवशी रात्रपाळीवाल्यापासून फाटकवाल्यापर्यंत सगळ्याइले सांगून ठेवलं त्यानं, मले लिहिता येत नाई, कोनी तोंड उघडाचं नाई. म्हने, शामरावची पोरगी एवढं शिकून घमेलं उचलाले आली, तिच्या शिक्षनाले इथं काहीतरी काम पाहिजे न." ते थोडे पुढे गेले, मग मागे न बघता म्हणाले, "मले म्हनशीन तर घमेलंच बरं होतं. पाइप तरी नसता लावला."

उघडी ठेवलेली वही, फांदीवरची अर्धी कॅन, फाटकापर्यंतची ती सावकाश फेरी, सगळं मी वाटभर एकेक करून मनात लावत होते.

काका पुलाशी भेटले. "काय म्हने साहेब?"

"सहा महिने वाढवले."

"लई चांगलं झालं," ते म्हणाले. जावयाचं घोरणं आता व्याह्यालाही ऐकू जातं, असं काही सांगू लागले. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना दुसरं काहीतरी सोंग काढावं लागलं असतं.

संध्याकाळी ते सांगू लागले, मी लिहू लागले. "नाल्याचा पूल पाह्यला. ठीक हाये."

मी 'पूल' लिहिताना उकार मुद्दाम ऱ्हस्व काढला. 'पुल.' चांगला ठसठशीत. आणि वही त्यांच्यासमोर धरली.

काकांनी पाहिलं. पळसाच्या झाडाकडे पाहिलं. दूरच्या सिग्नलकडे पाहिलं. पुन्हा वहीकडे पाहिलं. खिशातून तुरीची पुरचुंडी काढली, ठेवून दिली. मी पान उलटायला बोट लावलं, तसा त्यांचा हात पुढे आला.

"बाई," ते नाल्याच्या दिशेला बघत म्हणाले, "आपला पूल एवढा आखूड नाई."